नानांचा मोजा

जेवणं झाली की काकू बडीशेप पुढे करते आणि नाना हात धुवायला पिटाळतात. "साबणानं धू. मघाशी चिवडा खाल्लायस." बडीशेप मग वरच राहते. खाली बेसमेंटमध्ये स्टीव्ही वंडर असतो.

रेकॉर्ड १९७६ची, 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'. डेट्रॉइटच्या पहिल्या हिवाळ्यासाठी कोट आणायला गेलेले नाना ही घेऊन परतले, हे काकू प्रत्येक पाहुण्याला सांगते. "अगं, दोन एलपी, वर चार गाण्यांची छोटी तबकडी, शिवाय २४ पानी पुस्तिका! कोटाबरोबर काय मिळतं?" हा नानांचा बचाव. काकूची दुसरी तक्रार मोज्यांची. "डावा नवाकोरा, उजव्याला कायम अंगठ्याशी भोक. चालतात तरी कसे, देव जाणे!"

नाना मोटारींच्या कारखान्यात तपासणीला होते. नोकरी संपली, तपासणी उरली. रेकॉर्डला ते फक्त कडेनं धरतात, दिव्याखाली तिरकी करून न्याहाळतात, मग खाचांच्या वळणानं ब्रश. हिवाळ्यात हीटरनं हवा कोरडी पडते, रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि घरभरची धूळ तिच्याकडे धाव घेते. म्हणून नाना आधी नळाच्या पाइपला हात लावून येतात. सुईचा भार इवल्याशा काट्यावर मोजतात: दोन ग्रॅम. काकूनं एकदा केशर तोलायला तो काटा मागितला. त्या दिवशी शिरा बिनकेशराचा झाला.

एवढं सगळं झालं की सुई टेकते, आणि मुख्य नियम लागू होतो: हलायचं नाही. ही रेकॉर्ड ज्या मोटाऊन कंपनीची, ती काढणारा बेरी गॉर्डी आधी मोटारींच्या असेंब्ली लाइनवर होता, म्हणून नाना त्याला 'आपल्याच लाइनीतला' म्हणतात. पण त्याच्या कंपनीच्या गाण्यांवर पाय हलवायची परवानगी या घरात कोणालाच नाही.

ड्यूक एलिंग्टनला मानवंदना देणारं 'सर ड्यूक' लागलं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन हातात हात घालून धडधडत जिना उतरू लागले. आम्ही पाच पाहुणे सोफ्यावर, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. माझा गुडघा जरासा उसळला.

"सुई उडेल!"

"नाना, जमीन काँक्रीटची आहे."

"ते सुईला कोण सांगणार?"

नानांनी बाजू उलटली. 'आय विश'चा बेस सुरू झाला. मी नजर खाली घातली, आणि नानांचे पाय दिसले. पाठ ताठ, हाताची घडी, चेहरा तपासणी खात्याचा. फक्त उजव्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा बेसचा एकही ठोका न चुकवता नाचत होता.

वर आलो तेव्हा काकू सुईत दोरा ओवत होती. "कसे फाटतात रे हे?"

मी काही बोललो नाही. तोंडात बडीशेप होती.