विषय : रात्री थेंब, सकाळी धक्का

गाडीनं एक तर गळावं, नाहीतर बंद राहावं. दोन्ही एकदम करणं हा अतिरेक आहे, आणि तो तलवाड्यात माझ्या दारासमोर रोज रीतसर चालू होता. चहा घ्या. प्रकरण जुनं आहे, सावकाश सांगावं लागेल.

ट्रक सहा सिलिंडरचा, आधीच्या मालकाकडून घेतलेला. हंगामात ऊस, एरवी सरकी, खत, कडबा, जे मिळेल ते. (वाळूचा विषय गेवराई तालुक्यात चहावर काढत नसतात.) आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दरसाल योग्यता प्रमाणपत्र लागतं, वर पर्यावरण कर. ते सगळं मी करतो, भरतो. म्हणजे शासनाच्या लेखी माझी गाडी योग्य आहे. सकाळी सहा वाजता गाडीला स्वतःला ते मान्य नसतं, एवढाच काय तो मतभेद.

आधी गळतीचं बघू. रात्री गाडी लावली की खालून थेंब सुरू होतो. बारीक असतो, पण चिकाटीचा. सेकंदाला एक थेंब धरला तरी रात्रभरात पाऊण-एक लिटर डिझेल जमिनीला अर्पण होतं. माझी जमीन असती तर एक वेळ सोसलं असतं, पण उतार शेजाऱ्यांकडे आहे. शेजारच्या काकूंनी तोंडी तक्रार दाखल केली की सदर डाग त्यांच्या सडा-रांगोळीच्या हद्दीत आलेला आहे. मी डागावर राख टाकली. राखेवर काकूंची दुसरी तक्रार आली.

आता सकाळ. सेल्फ मारावा तर इंजिन गरगर फिरतं, सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा निघत नाही, आणि हळूहळू बॅटरीचा आवाज खोल जातो. मग माणसं जमतात. धक्का मारायला चार लागतात, सल्ला द्यायला कितीही चालतात. ‘बॅटरी उतरली.’ ‘नोझल गेले.’ ‘कॉम्प्रेशन ऱ्हायलं न्हाई, काका, इंजिन खोला.’ एकानं तर पंप काढून बीडला न्यायचं परस्पर ठरवून टाकलं आणि भाड्याची जीपही सुचवली. जीप त्याच्या मेव्हण्याची होती. आणि शेवटी सगळ्यांचं ज्यावर एकमत होतं ते वाक्य : ‘एअर घेतली.’ घेतली हे खरंच असतं. पण कुठून घेतली, हे विचारलं की बैठक बरखास्त होते.

इथं थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. डिझेल इंजिनात ठिणगीची सोय नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थांनी अशी युक्ती काढली की हवा इतकी दाबायची, साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत, की तीच 500 अंशांच्या पुढे तापते. मग तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. 1893 साली त्यांना पेटंट मिळालं. 1913 साली ते बोटीनं इंग्लंडला निघाले आणि रात्रीच्या प्रवासात बोटीवरून नाहीसे झाले. लोक कारणं वेगवेगळी सांगतात. त्यांना कोणीतरी सकाळी गाडी चालू करायला बोलावलं असावं, असा माझा नम्र अंदाज आहे.

तर हा फवारा मारणारा पंप डिझेल दाबू शकतो, हवा दाबू शकत नाही. बुडबुडा आला की तो नुसता आतल्या आत दबतो आणि पुन्हा फुगतो, नोझल उघडतच नाही. इंजिन धडधाकट, बॅटरी भरलेली, नाशिकच्या कारखान्यात बनलेले नोझल निर्दोष, आणि हरभऱ्याएवढ्या हवेपुढं सगळं खातं ठप्प. कर्मचारी सगळे हजर असून काम होत नाही, हे दृश्य आपल्याला कुठं कुठं पाहायला मिळतं ते मी सांगायची गरज नाही.

आता खरा अन्याय ऐका. टाकी काठोकाठ भरलेली असली की गाडी सकाळी एका सेल्फात लागते, पण रात्रभर गळते. टाकी निम्म्यावर आली की थेंब बंद, डाग वाळतो, काकू हसून बोलतात, आणि सकाळी गाडी लागत नाही. म्हणजे डिझेल नव्वदीच्या पुढं असताना ज्यानं टाकी भरली त्याचं डिझेल जायचं, आणि ज्यानं काटकसर केली त्याचं भाडं जायचं. दोन्ही बाजूंनी मीच. अशी दुहेरी आकारणी पाणीपट्टीतसुद्धा बघितली नाही.

ऊसतोडीच्या हंगामात तर याला जाहीर स्वरूप येतं. कारखान्यावर गाड्यांची रांग लागते, ती मुंगीच्या पावलानं सरकते. पुढची गाडी एक लांबी सरकली की आपण चालू करून एक लांबी सरकायचं, बंद करायचं, पुन्हा वाट बघायची. ज्यांच्या गाड्या लागतात त्यांना इंजिन बंद करायची चैन परवडते. मी रात्रभर इंजिन चालूच ठेवायचो. शेजारच्या गाडीवाल्याला वाटायचं, हा डिझेलला माजलाय. माझ्यासारखा डिझेलचा दरिद्री त्या रांगेत दुसरा नव्हता.

मिस्त्री बदलून पाहिले. पहिल्यानं जिथं थेंब दिसला तिथला तांब्याचा वायसर बदलला. दुसऱ्यानं फिल्टर बदलला. तिसऱ्यानं साबण लावला. साबणानं टाकीचा पाझर थोपतो हे खरं, पण टाकी पाझरतच नव्हती. मधल्या काळात मी वाचन केलं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं, त्यातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आणलं. छान झालं, हवा सगळ्यांची आहे. पण अमेरिकेत 1993 साली असंच कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या गाड्यांच्या पंपाची रबरी सीलं गळायला लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. हे मी चौथ्या मिस्त्रीच्या कानावर घातलं. तो पाना पुसत म्हणाला, ‘अमेरिकेचं ऱ्हाऊ द्या मालक, आधी तुमचा पाइप बघू.’

हा माणूस गेवराईचा, वयानं मोठा, बोलायला कमी. त्यानं कशालाही हात लावायच्या आधी सेल्फ मारायला सांगितला आणि सायलेन्सरकडं बघत उभा राहिला. पांढरा धूर निघाला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग नोझल, कॉम्प्रेशन बघायचं. धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. इतके दिवस गावानं इंजिनवर घेतलेला संशय एका वाक्यात निकाली.

मग त्यानं टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाजवळ (टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलतो तो) सोडवला, डिझेलचा कॅन केबिनच्या खिडकीला टांगला आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला दिली. ‘सलाइन लावलं,’ म्हणाला. हँड पंप मारून फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, फेस निघाला, मग निखळ डिझेल आलं, स्क्रू आवळला. गाडी पहिल्या सेल्फात लागली. बघ्यांमध्ये थोडी निराशा पसरली. म्हणजे फीड पंपापासून पुढचं सगळं निर्दोष. गुन्हा टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या हद्दीत.

गोम अशी की फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथं भेग पडली की गाडी चालू असताना डिझेल बाहेर येतं, आपल्याला दिसतं. अलीकडं ओढ असते. तिथल्या भेगेतून इंजिन चालू असताना बाहेर काही येत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी उभी राहिली की टाकीतली पातळी भेगेच्या वर असेल तर डिझेल गळतं. खाली असेल तर भेगेतून हवा शिरते आणि पायपातलं डिझेल गुपचूप टाकीत परत जातं. आणि गळलेलंसुद्धा भेगेखाली पडत नाही; पायपावरून सरकत सखल जागी येतं आणि तिथून टपकतं. पहिल्या मिस्त्रीनं बदललेल्या वायसरवर केवळ घटनास्थळी सापडल्यामुळं कारवाई झाली होती.

मिस्त्रीनं पाइप परत जोडला. टाकीच्या झाकणाला फडकं आवळून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरली, चासीच्या कडेनं प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एका ठिकाणी बुडबुडे आले. लोखंडी पाइप आणि रबरी नळीचा जोड, क्लिपच्या बरोबर खाली. कुणीतरी कधीकाळी गळू नये म्हणून क्लिप इतकी आवळली होती की तिनंच रबर कापलं. वरून बघितलं तर जोड कोरडा, स्वच्छ, तालुक्यातला सगळ्यात सज्जन जोड.

वीतभर नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च. रक्कम सांगत नाही, कारण पंप बीडला न्यायचं अंदाजपत्रक ज्यांनी दिलं ते अजून गावात राहतात. नारळ मात्र गावच्या त्वरितादेवीला फोडला, कारण श्रेय कुणाला तरी द्यावं लागतं आणि मिस्त्री चहा पिऊन निघून गेला होता.

काकूंचा डागाबाबतचा अर्ज प्रलंबित आहे. तुमची गाडी रात्री टपकत असेल आणि सकाळी लागत नसेल, तर माझी एवढीच विनंती आहे : फीड पंपाच्या अलीकडचं आधी बघा. पलीकडचं बघायला गाव आहे.