आवडता गेम कोणता?
गेमर मंडळींत आवडता गेम विचारला, की उत्तर चारचौघांत मिरवण्याजोगं लागतं. म्हणून सगळे एकजात ‘एल्डन रिंग’वाले. २०२२ साली आलेला हा गेम छळतो, म्हणूनच थोर! सुरुवातीच्याच माळावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार तुम्हाला लोळवतो आणि पडद्यावर तुमच्या मरणाची लाल पाटी झळकते. कुरकुर केलीत, की २०११च्या ‘डार्क सोल्स’पासूनचे जुने वारकरी ‘सराव करा’ म्हणतात. मोबाइलवाल्याला तर या पंगतीत पानच नाही. ‘काँट्रा’त तीस जीव मिळावेत म्हणून वर-वर-खाली-खाली बटणं बडवत मोठी झालेली हीच पिढी ‘ईझी मोड’ म्हणताच नाक मुरडते. आणि ‘कँडी क्रश’? छे, तो आईनं टाकलाय म्हणे. चार हजारावी लेव्हल मात्र यांच्याच फोनवर चालू असते.