पेत्राची जाळी आणि माझा बांगडा

उपवासकाळात मांस वर्ज्य पण मासे चालतील, हा नियम ज्यानं केला त्यानं मालवणचा किनारा पाहिला नसावा, किंवा फारच बारकाईनं पाहिला असावा. शुक्रवारी मटण नको म्हटल्यावर आमच्या घरात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं उकळतं आणि मी ते अत्यंत दुःखी चेहऱ्यानं तीनदा वाढून घेतो. याला आम्ही प्रायश्चित्त म्हणतो.

सिंधुदुर्गाचा कलेक्टर ओरोसला आणि बिशप सावंतवाडीला. पुणे धर्मप्रांतातून 2005 साली आमचा धर्मप्रांत वेगळा निघाला, तेव्हापासून इहलोकीचा आणि परलोकीचा असे दोन्ही हिशेब एकाच जिल्ह्यात होतात. माझी हयात इहलोकीच्या फायलींत गेली, त्यामुळे कुठलाही नियम दिसला की आधी पळवाट दिसते. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात 46, पण उपवास 40, कारण रविवार धरत नाहीत. हे कळलं तेव्हा मला झालेला आनंद फारसा आध्यात्मिक नव्हता.

यंदा मात्र फादरांनी प्रवचनात शिष्यत्वाचा विषय काढला. येशूनं हाक मारताच पेत्रानं जाळी तिथंच टाकली आणि तो मागे निघाला, हे ऐकून मला असं काही भरून आलं, की घरी पोहोचेपर्यंत मी उपवासकाळभर मासे बंद, रोज संध्याकाळी रोझरी, आणि फादर स्टीफन्सचं 1616 सालचं, सुमारे 11 हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण ईस्टरपर्यंत वाचून संपवायचं, एवढं सगळं जाहीर करून बसलो. बायकोनं फक्त मासेवालीला निरोप धाडला.

ख्रिस्तपुराण उशाशी राहिलं, आणि त्याच्यावर चष्मा ठेवायची छान सोय झाली. रोझरी करताना तिसऱ्या रहस्यापाशी माझी मान छातीवर यायची. मासे मात्र मी खरोखर सोडले. पण उपवासकाळ आणि ओल्या काजूंचा हंगाम कोकणात नेमका एकाच वेळी येतो, त्याला मी काय करणार? मग काजूची उसळ झाली, सुरणाचे काप रवा लावून सुरमईसारखे तळले गेले, कोवळ्या फणसाची भाजी झाली, वर सोलकढी, आणि इतकं जेवल्यावर आत्मा हलका होतो म्हणतात तसं काही न होता पँटचं बटण तेवढं तुटलं.

‘‘ओल्या काजूंचो भाव इचारलात काय?’’ बटण लावता लावता बायको म्हणाली. ‘‘त्यापरास बांगडो परवाडलो असतो.’’

मी लगेच बायबल काढलं. पुनरुत्थानानंतर पेत्राच्या जाळ्यात 153 मासे सापडले आणि प्रभूनं स्वतः किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावलं, तेव्हा मासा हा शिष्यत्वाच्या आड येत नाही, असं मी साधार सिद्ध केलं.

‘‘पेत्र मासे खाऊन रोमाक गेलो नि कुरसार चढलो,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी खाऊन लवंडतास.’’

उपवासकाळात सोडलेल्या घासाचे पैसे गरिबांसाठी पाकिटात घालायचे असतात. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म अशी ती जोडी नव्हे, तिकडी आहे. आमचं पाकीट ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी उजेडात धरून पाहिलं. आरपार दिसलं. माशांचे सगळे पैसे काजूवाल्याकडे गेले होते. मी मासे सोडले नव्हते, त्यांची फक्त बदली केली होती.

माझ्या मते खरी गोची इथंच आहे. सोडणं सोपं, कारण त्यात आपण ताटाकडेच बघत असतो. सोडलेलं दुसऱ्याच्या ताटात पोचवणं अवघड, आणि ते चाळीस दिवसांत येत नाही. पेत्रालाही बरीच वर्षं लागली, आणि त्याला तर पेन्शनचीही काळजी नव्हती.

तेव्हा मंडळी, उपवासकाळात काय सोडलंत ते मला सांगू नका. त्याचे पैसे कुठं गेले, तेवढं सांगा. आणि ओले काजू कुठं स्वस्त मिळत असतील, तर तेही.