आठवीचे वडील

ज्यांचे अपत्य येत्या जूनमध्ये आठवीत प्रवेश करणार आहे, अशा गृहस्थांची एक स्वतंत्र ज्ञातीच अलीकडे कल्याणपलीकडच्या रेल्वेमार्गावर उदयास आली असून, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही नगरांत तिची वस्ती इतकी दाट झाली आहे की, जनगणनेच्या तक्त्यात तिच्यासाठी निराळा रकाना राखून ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. सातवीपर्यंत हा मनुष्य चारचौघांसारखाच असतो. सहलीच्या संमतिपत्रावर तो न वाचता सही ठोकतो आणि आपली कन्या कोणत्या तुकडीत आहे हे तिलाच विचारतो. परंतु सातवीचा निकाल हाती पडला, की हायस्कूल नामक संकट त्याला एकाएकी दृग्गोचर होते आणि त्याची झोप उडते. कन्येची झोप मात्र सकाळी दहापर्यंत अबाधित असते.

माझ्या परिचयाचे असे एक गृहस्थ अंबरनाथ पूर्वेस राहतात. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते वाचकांच्या इमारतीतही राहतातच. त्यांची कचेरी फोर्टात आहे. तथापि मुंबईस जाण्यासाठी ते रोज सकाळी प्रथम उलट दिशेने बदलापूरला जातात आणि बदलापूरकरांचा सर्वस्वी न्याय्य असा रोष शांतपणे पत्करून, त्याच गाडीत खिडकीशी बसून परत येतात. पुढे जायचे असेल तर आधी मागे जाऊन जागा धरावी, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव सिद्धान्त. आणि दहावीची जागा आठवीत धरावी, हा त्यांनी स्वतः काढलेला त्याचा उपसिद्धान्त होय.

त्याप्रमाणे त्यांनी एक वही घालून तीत तीन वर्षांचा बंदोबस्त तपशीलवार लिहून काढला. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, ती सरकारने त्या काळात पाचवी-आठवीला नेली होती. तेव्हा ती तांबड्या शाईने. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा नववीला. ती हिरव्या शाईने. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांची नोंद पाहून सौभाग्यवतींनी, "अहो, पण तिला चित्रकला कुठे आवडते?" अशी भाबडी शंका काढली, तेव्हा "आवडीचा प्रश्नच नाही, दहावीला वाढीव गुण मिळतात," असा निकाल देऊन त्यांनी ते प्रकरण दप्तरी दाखल केले.

मग टेबल आले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आपले मोडलेले संसार पुन्हा उभे केले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या बराकींत कोपरा मिळेल तिथे बसून ज्यांनी पाढे पाठ केले, त्यांचीच नातवंडे आज तेथील फर्निचर बाजारात इतरांच्या मुलांसाठी अभ्यासाची टेबले विकतात. आमच्या गृहस्थांनी बोट दाखवलेले टेबल पाहून दुकानदार क्षणभर थबकला. "साईं, आठवीं के लिए ये? ये तो कलेक्टर का टेबल है!" तो बिचारा प्रामाणिकपणे स्वस्त माल सुचवू पाहत होता, यांनी ती आकाशवाणी समजून टेबल तत्काळ खरेदी केले. टेम्पोने ते अंबरनाथी आले, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, आणि मुलीच्या खोलीकडे वळणाऱ्या बोळात जे अडले ते पाय काढूनही हलेना. सध्या त्याचा मुक्काम दिवाणखान्यात असून, त्यावर इस्त्रीचे कपडे, आजोबांच्या गोळ्यांचा डबा आणि कोकमाची बरणी असा सरंजाम आहे. भावी कलेक्टर जमिनीवर पालथ्या पडून अभ्यास करतात.

खरा पेच पडला तो संस्कृताचा. आठवीस संपूर्ण संस्कृत घ्यावे, निम्मे हिंदी व निम्मे संस्कृत असे संयुक्त घ्यावे, की सरळ हिंदीच घ्यावे, या प्रश्नावर गाडीच्या डब्यात जो खल झाला, त्यात भाग घेणाऱ्यांपैकी एकालाही संस्कृत येत नव्हते. त्यामुळे चर्चा निःपक्षपाती झाली. "संपूर्ण स्कोअरिंग असतं," असा बहुमताचा कौल पडला. तरीही समाधान होईना, म्हणून एका सोमवारी हे अंबरनाथाच्या प्राचीन शिवालयात गेले. शके 982, म्हणजे 1060 सालचा शिलालेख मिरवणाऱ्या त्या मंदिराचा गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे. त्या पायऱ्या उतरताना हे "संपूर्ण की संयुक्त" असे पुटपुटत होते. शिलाहारांच्या काळापासून नवस ऐकत आलेल्या महादेवालाही हा प्रश्न नवा वाटला असता. परंतु मागून उतरणारा गृहस्थही तेच पुटपुटत असल्यामुळे तशी शक्यता कमी दिसते.

बदलापूरच्या एका क्लासमध्ये आय.आय.टी. फाउंडेशनच्या मुलाखतीला कन्येला नेले, त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. स्टेशनाबाहेर द्रोणात जांभळे विकायला आली होती (त्या जांभळांना आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे), आणि वडील फीच्या हप्त्यांची घासाघीस करीत असता कन्येने अख्खा द्रोण संपवला. संचालकांनी महत्त्वाकांक्षा विचारताच तिने जांभळी जीभ दाखवून "अजून ठरवलं नाही," असे सांगितले. त्या दालनात त्या दिवशी बोलले गेलेले तेवढेच एक सत्य वाक्य असावे, असा माझा तर्क आहे.

आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आजोबा हे सर्व कोकमाच्या बरणीआडून पाहत असतात. ते जुन्या अकरावीचे एस.एस.सी.; 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली त्याच्या आधीचे. "हायस्कुलात नक्की जायचंय कोणाला?" एवढेच त्यांनी एकदा चिरंजीवांना विचारले.

अखेर जूनमध्ये शाळेचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, संस्कृत तू घे. मी हिंदी घेते." अर्ज तिने स्वतःच भरला. आणलेले संस्कृताचे पुस्तक वाया जाऊ नये म्हणून गृहस्थांनी ते कचेरीच्या पिशवीत ठेवले असून, खिडकीशी बसून ते रोज 'देव' चालवतात. द्वितीयेपुढे तो अद्याप सरकलेला नाही. वाचकांपैकी कोणास पुढच्या विभक्त्या मुखोद्गत असतील, तर त्यांनी सकाळच्या बदलापूर गाडीत त्यांना अवश्य गाठावे. उभ्याने शिकवण्याची मात्र तयारी ठेवावी.