स्क्रूची खाच

रायफल बनवतो असं सांगितलं, की आमच्या कोलोरॅडोतल्या मराठी मंडळात माणसं आधी दोन पावलं मागं सरकतात आणि मग विचारतात, "शिकार करता?" मी शाकाहारी. चष्म्याचा नंबर असा, की समोर हरीण आलं तर मी त्याला शेजाऱ्यांचं कुत्रं समजून हाकलून देईन. आणि बनवतो म्हणणं हीसुद्धा फुशारकीच. नळी बसवणं, चेंबर कापणं ही जोखमीची कामं गनस्मिथ करतो. अक्रोडाचा दस्ता दुसरा कोणी कोरतो. माझ्या वाट्याला येतं ते घासकाम: ट्रिगर गार्ड, मॅगझिनखालची झाकणपट्टी, बोल्टची मूठ आणि स्क्रू.

मूळ यंत्र जुनं जर्मन माउझर. १८९८ साली पॉल माउझरनं ते असं जमवून ठेवलं, की अमेरिकी सरकारनं १९०३ च्या आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलीत त्यातलं बरंच काही उचललं आणि पुढं पेटंटपोटी दोन लाख डॉलर मोजले. अशा यंत्रात सुधारायला काही उरत नाही. म्हणून माझ्यासारखे लोक ते चकचकीत करत बसतात.

चकचकीत करण्यातही सोवळंओवळं आहे. बफिंगच्या चाकाला जॉब लावला की तो पाच मिनिटांत आरसा होतो, पण कडा गोल होतात, भोकांची तोंडं बशीसारखी पसरतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. जाणकार ते लांबूनच ओळखतो आणि तोंडभर स्तुती करतो. आपण समजून जायचं. त्यामुळे पॉलिश पेपरमागं पोलादाची किंवा लाकडाची सपाट पट्टी धरून हातानंच घासायचं. आधी २२० नंबर, मग ३२०, मग ४००. तिथं थांबायचं असतं, कारण पुढं हे सगळं गंजवायचं असतं! हो, मुद्दाम. द्रावण लावून तांबडा गंज चढू द्यायचा, मग स्वच्छ पाण्यात उकळायचं म्हणजे तो काळा होतो, वरची काजळी बारीक स्टील वूलनं पुसायची आणि पुन्हा गंजवायचं. असं बऱ्याचदा केलं की मखमली निळसर काळा रंग बसतो. गंज पोलादाला किंचित खातोच, त्यामुळे ४०० च्या पुढची चकाकी फुकट जाते. तरी मी हजारापर्यंत जातो. गंजायच्या आधी फोटो काढता येतो ना.

पण माझा खरा जीव स्क्रूत. उंची इंग्लिश बंदुकीवर स्क्रूच्या खाचा हव्या तशा तिरक्या नसतात; बहुतेक सगळ्या नळीच्या रेषेत, ओळीनं उभ्या. मला आधी वाटायचं, कारागीर शेवटी पिळून तसं जमवत असतील. तसं नाही. स्क्रूचं डोकं मुद्दाम जाड ठेवतात, खाचेशिवाय. तो घट्ट बसवून वर रेघ मारतात, काढून त्या रेघेवर खाच पाडतात, परत बसवतात आणि उरलेलं डोकं कानशीनं पृष्ठभागाला मिळवतात. एका स्क्रूपायी अर्धा दिवस जातो आणि रायफलीच्या नेमात तसूभर फरक पडत नाही. एवढं निरुपयोगी आणि एवढं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तेव्हापासून माझी नजर बाटली. कुणाकडे सत्यनारायणाला गेलो तर देवाआधी मला स्विचबोर्ड दिसतो. चार स्क्रू, चार दिशा. यजमान तीर्थ घेऊन उभे आणि मी खिशातल्या नाण्यानं त्यांच्या भिंतीवरची खाच सरळ करतोय. दंतवैद्याच्या खुर्चीवरचा दिवा, विमानातली समोरची सीट, मुलीच्या शाळेतला फळा, सगळीकडे तेच. अमेरिकन इलेक्ट्रिशियन निदान खाचा उभ्या ठेवतात, एवढ्यावर या देशाचं बाकी पुष्कळ मी माफ केलंय. दिवाळी अंकातल्या माझ्या फोटोत चेहऱ्याऐवजी ट्रिगर गार्ड छापा म्हणालो, तर संपादकांनी विषय बदलला.

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूम फिटर होते. त्यांच्या कानशी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या असत. कीस दातांत अडकू नये म्हणून ते आधी कानशीवर खडू फिरवत. त्या खडूचा पांढरा चुरा त्यांच्या नखांत असे, त्याखाली काळं. मी एकदा कानस उचलली तर त्यांनी हातावर फटका मारला. "हात काळे करायला शिकतोयस का?" माझी फी त्याच कानशीतून निघाली, मी कॉम्प्युटरवाला झालो, आणि मग इथल्या कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडाड गावातल्या कॉलेजात, जिथं १९४७ पासून बंदुकांची कारागिरी शिकवतात, डॉलर मोजून उन्हाळी वर्गाला बसलो. पहिला धडा: कानस पुढं जातानाच कापते, मागं येताना उचलावी. हे मला आमच्या भोसरीच्या एका खोलीत फुकट मिळालं असतं. याचा राग येतो, आणि तो बाबांवर काढता येत नाही. ज्याचा हात एवढा चांगला, त्यानं मुलाला हातापासूनच लांब ठेवलं. त्या हाताला पगार किती आणि मान किती हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं.

रायफल काही पुण्याला बाबांकडे नेता येणार नाही. त्यांना फोटो पाठवले. बरेच दिवस उत्तर नाही. मग एक ओळ आली: "गार्डच्या आतल्या वळणात आडवे ओरखडे आहेत."

मी लिहिलं, "तिथं कोण बघतंय?"

"मी बघितलं."

रविवारी आईचा फोन आला. "काय पाठवलंस रे त्यांना? सकाळपासून स्टुलावर चढून हॉलमधल्या स्विचबोर्डाचे स्क्रू फिरवतायत. म्हणतायत, खाचा सरळ येत नाहीत, डोकी नवी पाडावी लागतील. मेन बंद आहे, माझी कुकरभर डाळ शिजलीय आणि मिक्सर चालत नाही. तू आधी त्यांना खाली उतरव."

मी म्हटलं, "देतेस का त्यांना?"

"नाही येणार म्हणतायत. खडू कुठंय विचारतायत."