ओव्हरऑइलिंग

पुण्यात सायकल चालवणारे दोन प्रकारचे. पहिल्यांना कुठेतरी पोचायचं असतं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते पोचतात. दुसरे तुम्हाला रस्त्याच्या कडेला भेटतात. सायकल उलटी करून ठेवलेली, चाक गरगर फिरतंय आणि हे एक डोळा मिटून रिमकडे बघतायत. हाताला काळं, कपाळाला काळं आणि चेहऱ्यावर विलक्षण समाधान. तुम्ही स्कूटर थांबवून ‘काही मदत हवी का’ असं विचारलंत की फसलात. मदत त्यांना नकोच असते, श्रोता हवा असतो.

कोथरूडला आमच्या गल्लीत असे एक सायकलकाका आहेत. सत्तरीला टेकलेले. सारी नोकरी टूलरूममध्ये झाल्यामुळे मिलिमीटर हे त्यांना ढोबळ माप वाटतं. वडिलांनी बांधलेला बंगला, मागे नारळाची दोन झाडं, एक आंबा आणि त्यांच्या सावलीत पत्र्याची शेड. शेडमध्ये तीन सायकली. एक वडिलांची ॲटलस, दुसरी मुलानं अमेरिकेतून पैसे पाठवून घ्यायला लावलेली बारीक टायरची आणि तिसरी जाड टायरची, रुंद हँडलची, डोंगरात चालवायची. ही तिसरी काकांनी जुन्या बाजारातून आणली. का आणली, असं काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, तिचा बॉटम ब्रॅकेट वाजत होता.’ काकूंना उत्तर कळलं नाही. मला मात्र त्यात सगळे काका दिसले.

पुणं सायकलींचं शहर होतं तो काळ काकांनी पाहिलाय. महापालिकेचा बिल्ला, तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की चाकातली हवा सोडणारा हवालदार, हे सारं ते रंगवून सांगतात. लोकांना त्या काळाची आठवण येते ती मोकळे रस्ते आणि स्वच्छ हवा यांच्यासाठी. काकांना येते ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पाण्याच्या घमेल्यांसाठी. ट्यूब पिळून पाण्यात धरायची, बुडबुडे आले की तिथे बोट दाबायचं, कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. ‘थांबणं महत्त्वाचं,’ काका बोट उचलून सांगतात. ‘सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावतो तो माणूस संसारातसुद्धा टिकत नाही.’ संसाराचं मला माहीत नाही, पण काकांचं ठिगळ निघालेलं कुणी पाहिलेलं नाही.

नव्या सायकलीनं अपघातांचेही नवे प्रकार आणले. तिच्या व्हॉल्व्हचं तोंड इतकं बारीक, की पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही. पंपावरचा पोरगा म्हणाला, ‘काका, हे काय इंजेक्शन आहे का?’ तेव्हापासून एक पितळी जोड काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो आणि घराचं कुलूप उघडताना आधी तोच भोकात जातो. मग आले ते पेडलला अडकणारे बूट. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की बूट सुटतो. हे काकांना पाठ होतं, टाचेला नव्हतं. नळ स्टॉपच्या सिग्नलला ते शिस्तीत थांबले आणि थांबल्या जागी, कुणाचाही धक्का न लागता, सायकलीसकट डावीकडे आडवे झाले. ॲक्टिव्हावरून एक मुलगी धावत आली. ‘आजोबा, चक्कर आली का?’ कोपर चार दिवसांत बरं झालं. ‘आजोबा’ अजून ठसठसतंय.

पडणं, बिघडणं, अडकणं हे काका कधी दडवत नाहीत, हे मात्र त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. सुखरूप झालेल्या फेरीबद्दल त्यांना बोलताच येत नाही. ‘सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो’ एवढं म्हणून ते गप्प होतात, चहासुद्धा उरकल्यासारखा पितात. पण खडकवासल्याजवळ चेन तुटली, असं असेल तर खुर्ची पुढे ओढली जाते. तरुणपणी ते मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला त्या शर्यतीत ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या वर्षी राजा कोण झाला ते काकांना आठवत नाही. त्यांना आठवतो तो खोपोलीला, घाट सुरू व्हायच्या आधीच टायरात घुसलेला खिळा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो चुकेइतका होता. आता तो रेल्वेच्या रुळाचा झालाय.

ब्रेव्हेलाही ते गेले होते, दोनशे किलोमीटरच्या. साडेतेरा तासांत पुरी करायची असते. शर्यत नसते, नंबर नसतो, फक्त वेळेत यायचं. काका वेळेत आले नाहीत. पाय थकले म्हणून नव्हे, वाटेत जो कुणी थांबलेला दिसेल त्याच्याजवळ ते उतरत होते म्हणून. एकजण नुसता केळं खात होता, त्याचीही चेन पुसून झाली. दुसऱ्या एका पोराच्या टायरला भोक पडलेलं. काकांनी पिशवीतून कानस काढली. तो म्हणाला, ‘काका, ट्यूबलेस आहे, आतल्या द्रवानं बुजतं आपोआप.’ आणि खरंच बुजलं. काका पाचेक मिनिटं त्या जागेकडे बघत उभे राहिले. आपोआप बुजणाऱ्या भोकाइतका मोठा अपमान त्यांचा आयुष्यात झाला नसावा.

या पार्श्वभूमीवर मागल्या वर्षी वळवाच्या पावसात नारळाची झावळी शेडवर पडली.

झावळी निमित्त होती. मधला वासा वाळवीनं केव्हाच पोखरला होता, नुसतं साल उरलं होतं. वासा बसला, पत्रे खाली आले आणि वडिलांच्या ॲटलसच्या कॅरियरवर टेकून थांबले. काकूंना हायसं वाटलं. शेड जाईल, भंगारवाला येईल, तिथे कढीपत्ता लावू, असं त्या म्हणाल्या. काका मात्र बॅटरी घेऊन पडलेल्या पत्र्यांखाली शिरले आणि आतून आवाज आला, ‘कॅरियरनं अख्खं छप्पर तोललंय! आज होतो का असा माल?’

फॅब्रिकेटर येऊन बघून गेला. लोखंडी अँगल, नवे पत्रे, दोन दिवसांत उभी करून देतो म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. ‘हवेच्या टायरचं पेटंट 1888 सालचं. ते घेणारा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता,’ त्यांनी मला सुनावलं. ‘पोराच्या तीनचाकीला स्वतः टायर करून लावला त्यानं. फॅब्रिकेटर बोलावला होता का?’ यावर काय उत्तर द्यायचं?

आधी शेड रिकामी करणं आलं. त्यातच गणपती येऊन गेले. जुने टायर, वाकलेले फोर्क, बोर्नव्हिटाच्या डब्यांत छर्रे, कॉटर पिना, निरनिराळ्या आट्यांचे नट, बजाज चेतकची एक स्टेपनी (चेतक विकून पंचवीस वर्षं झाली असतील). अंगणात तीन ढीग झाले. एक ‘लागेल’, दुसरा ‘लागू शकेल’ आणि तिसरा ‘तेव्हा हाताशी असतं तर लागलं असतं’. टाकण्याचा ढीग नव्हताच. काकूंनी तसं विचारल्यावर त्यांना ॲटलसची हकीकत ऐकावी लागली. 2020 साली तीन जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, त्या कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम थांबलं. काकांनी त्या संध्याकाळी घरच्या ॲटलसचं ओव्हरऑइलिंग केलं होतं. ‘माल निघायचाच बंद झालाय आणि तू मला कॉटर पिना टाकायला सांगतेस?’ काकू आत गेल्या. त्यांच्या वाट्याला आलेला ढीग स्वयंपाकघराच्या ओट्याखाली होता, ही गोष्ट काकांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नव्हता.

बांधकाम मात्र काकांनी फार हुशारीनं केलं, हे म्हणायलाच हवं. वाळवी पुन्हा लागू नये म्हणून लाकूड बाद. एक जुना वेल्डर मित्र गाठून अँगलचा सांगाडा केला. जमिनीला कोबा, त्याला बाहेरच्या बाजूनं उतार. मिस्त्री लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून लेव्हल काढतात, तशी काढली. पत्र्याचा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच मारायचा, खळग्यात कधीच नाही, कारण पाणी खळग्यातून वाहतं. शेजारचा पत्रा निदान दीड पन्हळ तरी वर चढला पाहिजे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा जोडाचं तोंड त्या दिशेला नको. प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर. मी शिडी धरायला होतो. शिडी धरणाऱ्याला ही विद्या फुकट मिळते आणि न घेण्याची सोय नसते.

दारापाशी घोटाळा झाला. पलीकडचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेला होता, तिथलं न्हाणीघराचं दार काकांनी बांधकाम पाडणाऱ्याकडून मिळवलं. दार उत्तम, चौकट उत्तम, बिजागऱ्या पितळेच्या, रुंदी सत्तावीस इंच. डोंगरातल्या सायकलीचं हँडल एकोणतीस इंच. चेनच्या बारा इंचांत सोळांशाचा फरक पडला की ‘ही आता बदला’ म्हणून लोकांच्या सायकलींवर सही करणारा हा माणूस, चौकट सिमेंटमध्ये पक्की झाल्यावर सायकल घेऊन दारात उभा राहिला. मागे सरकला. पुन्हा आला. मग हँडल वळवून आधी डावी मूठ आत, मग स्वतः अंग चोरून आत, मग उजवी मूठ, अशी सायकल आत गेली. ब्रेकची तार कडीत अडकली ती वेगळी. बाहेर येऊन मला म्हणाले, ‘चोराला कळणारच नाही काढायची कशी.’

दाराला आतून कडी आहे. न्हाणीघराचंच ते. त्यामुळे काका आत असले की काकूंना बाहेरून विचारावं लागतं, ‘झालं का तुमचं?’ गल्लीत नवीन आलेल्यांचा पुष्कळ गैरसमज होतो.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. सगळ्या गल्लीची वीज गेली आणि मागल्या अंगणात बॅटरीचा उजेड फिरायला लागला. मी गच्चीवरची पन्हळ तुंबलीय का ते बघायला गेलो होतो, तिथून दिसलं. काका छत्री घेऊन शेडमध्ये उभे. बॅटरी प्रत्येक स्क्रूवर, प्रत्येक जोडावर. एक थेंब गळत नव्हता. कोब्यावरचं पाणी सांगितल्यासारखं बाहेर जात होतं. बाहेर एवढा धो धो पाऊस आणि आत तीन कोरड्या सायकली. काका बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ट्यूबलेस टायरपुढे असेच उभे राहिले असणार.

‘गळतंय का?’ खिडकीतून काकूंनी विचारलं.

‘नाही.’

‘मग झोपा ना येऊन!’

पुढचा आठवडा काका कुणाशी धड बोलले नाहीत. सायकल काढायचे, जाऊन यायचे, पुसून ठेवायचे. पंक्चर नाही, चेन पडली नाही, ब्रेकही लागत होते. एरवी हातातलं मासिक खाली ठेवायला लावणारे काका दारावरून नुसते ‘काय’ म्हणून जायचे. काकूंनी मला विचारलंसुद्धा, डॉक्टरला दाखवू का म्हणून.

रविवारी सकाळी ड्रिल मशिनचा आवाज आला. गेलो तर काका चष्मा कपाळावर सारून शेडच्या कडेच्या पत्र्यावर खडूनं खुणा करत होते. चेहरा उजळलेला.

‘ये, ये. धर हे. फार कोंदट झालीय रे शेड. इतकी बंद, की हवाच खेळत नाही. दमटपणा आत राहणार, चेनवर गंज चढणार. वर दोन झरोके पाडायचे आणि वर पत्र्याचे पाखे बसवायचे, म्हणजे पाऊस आत येणार नाही. सहसा.’

‘सहसा?’

‘नैर्ऋत्येचा जोराचा झोत असला तर थोडं येईल. मग बघू काय ते.’

काकू चहा घेऊन आल्या. खुणांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कप कोब्यावर ठेवत म्हणाल्या, ‘कापायचंच आहे, तर दोन इंच इकडे दाराशी कापा की.’

काकांनी ड्रिलमध्ये नवा बिट घातला. ‘दाराचं काम पुढच्या वर्षी. सगळं एकदम करून टाकलं तर मग काय करायचं?’