खडेकाका

खडेकाकांच्या बोटात साधं गोमेदही नाही, पण दुसऱ्याच्या बोटातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लग्नात ते नवरदेवाचा हात हातात घेतात तो शुभेच्छा द्यायला नव्हे.

स्वतःसाठी त्यांना अलेक्झांड्राइट घ्यायचा आहे. केव्हापासून, ते काकूंना विचारू नये. हा खडा १८३०च्या दशकात उरल पर्वतात सापडला आणि पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरचं नाव त्याला मिळालं. दिवसाउजेडी हिरवा, पिवळ्या बल्बखाली लालसर. "पाचूला हिरवं करतं ते क्रोमियम, माणकाला लाल करतं तेही क्रोमियम. हा पठ्ठ्या दोन्ही घरी जेवतो!" असं काका कौतुकाने सांगतात.

झवेरी बाजारात हल्ली सगळीकडे एलईडीचा लखलखाट. त्यात याचा लाल रंग नीट खुलेलच असं नाही. म्हणून काका पिशवीतून होल्डरसकट साठचा बल्ब काढतात आणि पेढीवर विचारतात, "जरा प्लग मिळेल?" मग खडा चिमट्यात धरून थेट फुटपाथवर, उन्हात. मागून सेल्समन, त्याच्यामागून बंदूकवाला रखवालदार. परत आल्यावर दहापट भिंग डोळ्याला. आत डाग दिसला तर भावात घासाघीस. डाग नसला तर जास्तच पंचाईत. "इतका स्वच्छ? भट्टीतला तर नाही?" मग लॅबचं सर्टिफिकेट, तेही भाडेकरारासारखं ओळ न् ओळ. शेवटी भाव. तो ऐकला की काका भिंग पुसायला घेतात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणतात. घरी ते काहीही विचारत नाहीत.

शेजारच्या वहिनींनी इजिप्तच्या सहलीतून स्वस्तात 'अलेक्झांड्राइट' आणला. काकांनी तो खिडकीत धरला, देवघरातल्या समईजवळ नेला. निळसर, मग जांभळा. "वहिनी, हा व्हॅनेडियम घातलेला कृत्रिम नीलम. मात्र कृत्रिम म्हणून उत्तम आहे हो!" त्या दिवसापासून त्या घरून येणारी पुरणपोळी बंद झाली. सत्यासाठी एवढी किंमत मोजणारा माणूस खड्यासाठी का मोजत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता काकांना कळलंय की अलेक्झांड्राइट आंध्रात आणि ओडिशातही सापडतो. थेट तिकडेच जायचं, मधली दलाली वाचेल, असा बेत आहे. काकूंनी परतीचं तिकीटसुद्धा काढून दिलं. फक्त खाणीवर प्लग असतो का, याची चौकशी चालू आहे.